मामाची बसणारी गाडी

मामाची गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बिघडलेली आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. इंदिरानगरात आमच्या घरासमोर मामानं भाड्यानं घेतलेल्या घराच्या फाटकाशी ती उभी होती, म्हणजे खरं तर उभी नव्हती, बसली होती. पोट रस्त्याला टेकतंय की काय इतकी खाली. मागची चाकं अंगाखाली अर्धी झाकलेली, नाक लांब आणि चपटं, आणि त्यामागे नुसत्या काचाच काचा. मामा आत बसला, त्यानं किल्ली फिरवली, आणि गाडी उठली. गाय उठते तशी, आधी मागून, मग पुढून, कसलीही घाई नसल्यासारखी. पुरती उठल्यावर मगच ती निघाली. संध्याकाळी परत आली आणि बंद केल्यावर थोड्या वेळानं पुन्हा बसली.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. बंगळूरच्या रस्त्यांवर तेव्हा गाड्यांचे आकार मोजून चार-पाच होते. मामा आठ वर्षं फ्रान्सला नोकरी करून परतला होता आणि येताना स्वतःची वापरातली गाडी बोटीनं मद्रासला आणून तिथून चालवत घरी घेऊन आला होता. तिकडेसुद्धा या गाडीवरून लोकांची भांडणं होतात, असं तो अभिमानानं सांगायचा. अर्ध्या लोकांना ती जगातली सर्वांत सुंदर गाडी वाटते आणि उरलेल्यांना तिचा आकार काढणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावंसं वाटतं. आमच्या क्रॉसवर, म्हणजे आमच्या गल्लीत, वेगळं काही नव्हतं. इस्त्रीवाला तिच्यावर फिदा होता. तो कपड्यांचा गठ्ठा द्यायला आला की आधी तिला एक फेरी मारायचा. शेजारच्या अक्का विरोधी पक्षात होत्या. अक्कांचं मराठी घराणं तीनएकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यांच्या बोलण्यात निम्मी कन्नड असे. पहिले दोन आठवडे त्या रोज संध्याकाळी कुंपणावरून आईला हाक मारत.

“अगं, तुझ्या तम्माची गाडी बसली बघ परत. स्वल्प येऊन बघ की.”

“धाकट्याची गाडी तशीच आहे हो अक्का. ती बंद केली की बसते.”

“सरी, सरी. पण हवा भरून घे म्हणावं.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या मते ती गाडी मगरीसारखी दिसत होती, पण मला तिच्यातून कॉलेजला जायचं होतं, त्यामुळे मी मत जाहीर केलं नाही. आत बसलं की समोर एक छोटा पडदा उजळायचा आणि त्यावर गाडी फ्रेंचमध्ये काहीतरी तक्रार करायची. दार नीट लागलं नाही, बाहेर फार उकडतंय, असलं काहीबाही. ते वाचता येणारा क्रॉसवर एकटा मामा, आणि त्याला त्याचा फार आनंद होता.

बाबांनी मात्र चांगलं की वाईट, काही म्हटलंच नाही. मामाला हे सर्वांत जास्त लागत होतं, कारण या गाडीबद्दल मत द्यायचा अधिकार कोणाला असेल तर तो बाबांना होता. बाबा विमानाच्या सरकारी कारखान्यात हायड्रॉलिक्सच्या शॉपमध्ये, म्हणजे त्या कामाच्या विभागात, होते. विमानाची चाकं पोटात घेणारं आणि बाहेर काढणारं तेल, त्या तेलाचा दाब, त्याच्या नळ्या, त्याची रबरी सीलं, यांत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. मामाची गाडी उठायची-बसायची ती तशाच दाबाखालच्या तेलावर. तिला स्प्रिंगा नव्हत्याच.

आणि मामाला हे सगळं शिकवलं होतं बाबांनीच. आईचा हा धाकटा भाऊ पुण्याहून डिप्लोमा करून आमच्याकडे आला, बाबांनी शब्द टाकला आणि त्याला आपल्या शॉपमध्ये लावून घेतलं. सहा वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता आणि आमच्याकडेच राहत होता. मग त्यानं एक दिवस राजीनामा दिला. फ्रेंच कंपनीशी त्याचा पत्रव्यवहार कित्येक महिने चालला होता, आमच्याच घरी बसून, आणि त्यानं बाबांना त्याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. बाबांना ते कळलं टेबलावर सहीसाठी आलेल्या कागदांतून.

बाबांच्या शॉपमध्ये एक रीत होती. काही चुकलं, सील उलटं बसलं, नळीला ओरखडा गेला, तर ज्यानं केलं त्यानं आपण होऊन येऊन सांगायचं. सांगितलं तर बाबा ओरडत नसत, शिक्षा तर नाहीच. पण न सांगता राहिलं आणि नंतर सापडलं, तर तो माणूस त्यांच्या लेखी संपला. विमान वर गेल्यावर सांगून काय करायचंय, असं ते म्हणत. मामा त्यांच्या लेखी संपला होता. परदेशी गेला म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून.

त्यामुळे मामा दर रविवारी आमच्याकडे जेवायला असे, बाबांच्या शेजारच्या पाटावर बसे, आणि दोघं आईमार्फत बोलत. “तुझ्या भावाला भात वाढ.” “ताई, दाजींचा पेपर वाचून झाला का विचार.” दोघांत अंतर हातभर. आईनं काही रविवार निरोप पोचवले आणि मग ती म्हणाली, मला पोळ्या लाटायच्या आहेत, तुम्ही हातवारे करा.

मामाला काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बाबांनी एकदा त्याच्या गाडीत बसावं, एवढंच त्याला हवं होतं. दर रविवारी जेवण झालं की तो किल्ली खुळखुळवत म्हणायचा, “ताई, मी जयनगरला चाललोय. दाजींना यायचंय का बघ.” आणि बाबा आईकडे बघून म्हणायचे, “त्याला सांग, मला गाडी आहे.” ती होतीही. दुधी रंगाची, चौकोनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली जुनी गाडी, जी ते आठवड्यातून दोनदा बाहेर काढत. एकदा मला कॉलेजला सोडताना मामा म्हणाला, “तिकडे शोरूममध्ये ही पहिल्यांदा उठताना पाहिली ना, तेव्हा मला दाजीच आठवले. बाकी कोणाला दाखवून काय करू?” मला त्याची दया आली आणि बाबांचा राग आला. बाबा रोज सकाळी साडेआठला, मामाच्या निघायच्या वेळी, व्हरांड्यात पेपर घेऊन बसत. गाडी उठून जाईपर्यंत त्यांचं पान उलटत नसे. हे मी पाहत होते, म्हणून राग जास्त होता.

मग नवरात्र आलं. पुण्याची आमची खंडेनवमी बंगळुरात येऊन आयुधपूजा झाली होती. इथं त्या दिवशी यच्चयावत यंत्रं नटतात. गाड्यांना केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, कुंकू भरलेला कोहळा समोर फोडतात, आणि चुरमुरे वाटतात. त्यात बाबांची स्वतःची एक भर होती. पूजा म्हणजे नुसतं हळदकुंकू नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशी प्रत्येक यंत्र पुसायचं आणि त्याला ताजं तेल द्यायचं. मी सात वर्षांची असल्यापासून हे काम त्यांच्या बरोबरीनं करत आले होते. आईचं शिवणाचं मशीन, पंखे, डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर, आणि सर्वांत शेवटी आमच्या गाडीतली ब्रेक ऑइलची टाकी, रेघेपर्यंत.

त्या वर्षी मामानं आईला निरोप दिला. “ताई, दाजींना सांग, माझ्या गाडीपुढं कोहळा त्यांनी फोडावा.” बाबा म्हणाले, “माझ्या शॉपमध्ये पूजा आहे.” झालं. विषय संपला. पूजेच्या आदल्या दिवशी मामा किल्ली माझ्याकडे देऊन कामाला गेला, कारण गाडी धुवायचं मी कबूल केलं होतं.

मी ती धुतली, पुसली, आणि सवयीनं बॉनेट उघडलं. आत एका बाजूला हिरवी टाकी होती आणि तेल मला कमी वाटलं. आणि मला एक गोष्ट सुचली. या गाडीला तेल खरं तर बाबांनी द्यायला हवं होतं. ते देणार नव्हते. पण त्यांच्या फळीवरच्या, त्यांच्या डब्यातलं तेल मी दिलं, तर निम्मं तरी त्यांनी दिल्यासारखं होईल. एकोणीस वर्षांच्या मुलीला असल्या गोष्टी सुचतात आणि त्या तिला फार थोर वाटतात. मी घरी जाऊन ब्रेक ऑइलचा डबा आणला आणि निम्मा ओतला. टाकीच्या झाकणावर फ्रेंचमध्ये बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते काय होतं हे मला आता माहीत आहे. मी कोणाला काही बोलले नाही, कारण बोललं की नवसाचं पुण्य जातं असं काहीसं डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मामानं कोहळा स्वतःच फोडला. लिंबांवरून गाडी गेली. अक्कांनीसुद्धा झेंडूची माळ घातलेल्या त्या नाकाकडे पाहून, आज चंद, म्हणजे छान, दिसतीय, असं कबूल केलं. मी खूश होते.

दहाएक दिवसांनी एका सकाळी मामानं किल्ली फिरवली, गाडी मागून अर्धी उठली आणि तशीच राहिली. मग हळूहळू परत खाली गेली. खाली रस्त्यावर तेलाचं मोठं थारोळं झालं. पडद्यावर फ्रेंचमध्ये ओळींमागून ओळी येत होत्या आणि मामा त्या वाचत नुसता बसला होता. विरोधी पक्षाला जोर चढला. जाणारा-येणारा थांबून, आम्ही म्हणत नव्हतो का, असं तोंड करून जाई. दोन गॅरेजवाले आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि हात न लावता बंद केलं. ही गाडी उघडू शकेल असा माणूस शहरात एकच होता आणि तो समोरच्या व्हरांड्यात पेपर वाचत होता.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, बाबांनी पेपराची घडी घातली आणि ते रस्ता ओलांडून गेले. मामाशी बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी थारोळ्यात बोट बुडवलं, ते अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग मला म्हणाले, “लोणच्याची रिकामी बाटली आण.” त्यांनी टाकीतलं तेल बाटलीत घेतलं आणि बाटली कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवून दिली. तासाभरानं तिच्यात दोन थर झाले. वर हिरवा, खाली पिवळसर. तो पिवळसर रंग मी ओळखला.

बाबा घरात आले, फळीवरचा डबा त्यांनी उचलून हलवून पाहिला आणि ते स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“किती?”

“निम्मा.”

“कधी?”

“पूजेच्या आदल्या दिवशी. तुम्ही देत नव्हतात म्हणून.”

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि ते बाहेर निघाले. त्या तेलाची सीलं या तेलात फुगतात आणि फाटतात, हेसुद्धा त्यांनी मला नंतर, कितीतरी दिवसांनी सांगितलं. मी म्हटलं, मी सांगते मामाला, आणि त्यांच्या मागोमाग बाहेर गेले.

मामा बाटली हातात घेऊन उभा होता. आई त्याच्याजवळ होती. त्याला इतका चिडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. “कोणीतरी यात ब्रेक ऑइल घातलंय,” तो म्हणाला. “ताई, माझ्यामागं गाडीला कोणी हात लावला? किल्ली कोणाकडं होती?” मी तोंड उघडलं.

“मी घातलं,” बाबा म्हणाले.

आईकडे बघून नाही, थेट मामाकडे बघून म्हणाले. त्यानं नोकरी सोडली तेव्हापासून त्याला उद्देशून उच्चारलेले त्यांचे हे पहिले शब्द होते.

“तुम्ही?”

“पूजेच्या आदल्या दिवशी. तेल कमी दिसलं. घातलं.”

मामानं बाटली भिंतीवर ठेवली. सव्वीस वर्षं तेलात हात घातलेला माणूस अशी चूक करणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण तो विचार त्याच्या मनात आला नाही, किंवा आला असला तर त्यानं तो झटकून टाकला. तो बाबांकडे बघत राहिला. “तुम्ही माझ्या गाडीला पूजेचं तेल दिलंत,” तो म्हणाला. आणि मग, “मला सांगायचं होतंत, दाजी.”

“हो,” बाबा म्हणाले. “सांगायला हवं होतं.”

अक्का कुंपणाशी येऊन बघत होत्या. मामा खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, “मीसुद्धा. तेव्हा. सांगायला हवं होतं.”

बाबांनी मान हलवली. मग शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, “जॅक आण.”

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. ते म्हणाले, “त्याचा चेहरा बघितलास ना?” मी म्हटलं, मी खरं सांगू का त्याला? ते म्हणाले, “आता नको.” मला लाज वाटत होती, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि बाबांबद्दल इतकी माया दाटून आली होती की मी उगीचच त्यांचा चहा दोनदा गरम केला.

त्या एका शब्दाची किंमत त्यांनी पुढे वर्षभर मोजली. मामाला ही हकिगत सांगितल्याशिवाय राहवेना. गणपतीच्या मांडवात, पुण्याच्या लग्नात, बाबांच्या शॉपमधल्या जुन्या सोबत्यांना, जो भेटेल त्याला तो कौतुकानं सांगायचा, आमच्या दाजींनी माझ्या गाडीत ब्रेक ऑइल घातलं. लोक पोट धरून हसत. शॉपमधली, त्यांनी हाताला धरून शिकवलेली माणसंसुद्धा त्यांना त्यावरून चिडवू लागली. ज्या माणसाची एक चूक कोणाला दाखवता आली नव्हती, तो पानातला भात सारखा करत म्हणायचा, “हो, घातलं खरं.” मी समोर बसलेली असायचे.

गाडी उन्हाळ्यापर्यंत उठली नाही. फ्रान्सहून सीलं पोस्टानं येत, दर रविवारी गाडीखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर दिसत, एक पांढऱ्या पायजम्यातली, एक जीन्समधली. आतून बोलणं ऐकू येई ते नळ्यांचं, दाबाचं, पाना दे आणि घट्ट कर असलं. त्यापलीकडचं ते काही बोलले असतील असं मला वाटत नाही. शेवटी नवं तेल भरलं ते मामानं. बाबा तेव्हा खालून नळ्यांतली हवा काढत होते. गाडी उठली. पण बाबा उठून हात पुसत घरी आले. आत बसले नाहीत, आणि मामानंही म्हटलं नाही. त्याला बहुधा नकाराची भीती वाटली असावी.

पुढच्या आयुधपूजेला सकाळी मामा आमच्या फाटकाशी आला तो हातात हिरव्या तेलाचा नवा डबा घेऊन. तो त्यानं खास तिकडून मागवला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला, नैवेद्याचं ताट धरावं तसा.

“दाजी, मागच्या वर्षीसारखं. तुमच्या हातानं. फक्त तेल हे.”

बाबांनी डबा घेतला. त्यांच्या हातून त्या टाकीत तेलाचा एक थेंबही कधी पडला नव्हता, हे त्या रस्त्यावर त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मी नरसाळं घेऊन उभी होते. मला एकदम राहवेना. “मामा,” मी म्हटलं, “मागच्या वर्षी ना...”

“नरसाळं नीट धर,” बाबा म्हणाले. “सांडेल.”

मी नीट धरलं. त्यांनी सावकाश, रेघेपर्यंत तेल ओतलं, झाकण लावलं, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. कोहळा त्यांनीच फोडला. लिंबं ठेवून झाली, आई मागच्या सीटवर जाऊन बसली. मग बाबांनी कोणी म्हणायची वाट न बघता पुढचं दार उघडलं आणि ते आत बसले. मामानं किल्ली फिरवली. गाडी आधी मागून उठली, मग पुढून. बाबांनी तळवा समोरच्या फळीवर ठेवला होता.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

शॉपमध्ये त्यांनी याहून मोठी शाबासकी कोणाला दिलेली नव्हती. मामानं तोंड पलीकडच्या खिडकीकडे वळवलं आणि गाडी लगेच सुरू केली नाही. मग लिंबं फुटली आणि ती निघाली. मी फाटकाशी उभी राहिले. त्यांच्या रीतीप्रमाणे मी संपलेली होते. केलं होतं मी, आणि सांगितलं नव्हतं. त्या गाडीत बसायचं मला तोंड नव्हतं. क्रॉसच्या वळणाशी गाडी थांबली. पुढची काच खाली गेली, बाबांचा हात बाहेर आला आणि त्यांनी मला ये म्हणून खूण केली. मी नरसाळं कट्ट्यावर ठेवलं आणि पळत गेले.